पोर्ट लुईहून लिहिलेले पत्र

मुलांनो, पोर्ट लुईचे बंदर तुम्ही पाहिले आहे ना? आज तिथे मोठमोठी मालवाहू जहाजे उभी असतात. २९ एप्रिल १८३६ या दिवशी याच बंदरात शिडांचे एक लहानसे जहाज आले. ते जेमतेम नव्वद फूट लांब होते. त्याचे नाव 'बीगल'. त्यावर सत्तावीस वर्षांचा एक इंग्रज तरुण होता. घर सोडून त्याला चार वर्षे होऊन गेली होती. त्याच तारखेचे, पोर्ट लुईहून आपल्या थोरल्या बहिणीला लिहिलेले त्याचे एक पत्र आहे.

काय लिहिले होते त्याने? जहाजावरचे सगळेच जण आता घराच्या ओढीने कासावीस झाले आहेत, असे त्याने कळवले. आणखी एक अडचण सांगितली. तो रोज आपली टिपणे नीट लिहून काढत होता. जे पाहिले त्याचे वर्णन करणे सोपे जाते, पण एका विचाराला दुसरा विचार जोडून, वाचणाऱ्याला पटेल असे स्पष्ट लिहिणे किती कठीण आहे ते आता कळू लागले, असे त्याचे म्हणणे होते. निबंध लिहिताना तुमची पेन्सिल अडते तशीच त्याची लेखणीही अडत होती!

त्या तरुणाचे नाव चार्ल्स डार्विन. सजीवांविषयी माणसाची समजूत ज्यांनी बदलून टाकली, त्यांत त्याचे नाव अगदी वरचे आहे. त्याच्या आयुष्यात पत्रांना आणि पुस्तकांना फार मोठे स्थान होते. त्याची ही गोष्ट आहे.

चार्ल्सचा जन्म १२ फेब्रुवारी १८०९ रोजी इंग्लंडमधील श्रूजबरी या गावी झाला. त्याचे वडील डॉक्टर होते. चार्ल्स आठ वर्षांचा असताना त्याची आई वारली. मोठ्या बहिणींनी त्याला सांभाळले. शाळेत जाण्यापूर्वी कॅरोलाइनताईनेच त्याला घरी शिकवले. पोर्ट लुईहून पत्र गेले ते हिलाच.

शाळेत मात्र चार्ल्सचे मन रमत नसे. तिथे जुन्या भाषांचे पाठांतर फार. त्याला वेड होते वस्तू जमवण्याचे. शिंपले, नाणी, रंगीत दगड, पत्रांवरच्या लाखेच्या मोहोरा, जे मिळेल ते तो गोळा करी. गिल्बर्ट व्हाइट नावाच्या एका पाद्रींनी आपल्या गावातील पशुपक्ष्यांवर एक पुस्तक लिहिले होते. ते चार्ल्सने वाचले आणि तो पक्षी निरखू लागला, त्यांच्या सवयी टिपून ठेवू लागला. सगळेच लोक पक्ष्यांचा अभ्यास का करत नाहीत, याचे त्या मुलाला नवल वाटे.

वडिलांना वाटे, मुलाने डॉक्टर व्हावे. त्यांनी त्याला एडिंबरोला पाठवले. त्या काळी भूल देण्याचे औषध नव्हते. रोग्याला शुद्धीत असतानाच कापत. चार्ल्सने अशा दोन शस्त्रक्रिया पाहिल्या आणि दोन्ही वेळा तो खोलीतून पळून गेला. मग वडिलांनी त्याला पाद्री होण्यासाठी केंब्रिजला धाडले. तिथे त्याने काय केले? भुंगेरे जमवले! एकदा झाडाची जुनी साल काढताना त्याला दोन दुर्मीळ भुंगेरे दिसले. दोन्ही हातांत एकेक धरला, तोच तिसरा दिसला. आता काय करावे? उजव्या हातातला भुंगेरा त्याने चक्क तोंडात टाकला. भुंगेऱ्याने असा काही जळजळीत रस सोडला की जीभ भाजली. तोंडातला भुंगेरा थुंकावा लागला, तो गेला तो गेलाच. वर तिसराही निसटला.

केंब्रिजमध्ये त्याला दोन गोष्टी मिळाल्या. एक म्हणजे हेन्स्लो नावाचे शिक्षक. ते वनस्पतिशास्त्र शिकवत. चार्ल्स त्यांच्याबरोबर इतका फिरे की लोक त्याला 'हेन्स्लोंबरोबर फिरणारा मुलगा' म्हणूनच ओळखत. दुसरी गोष्ट म्हणजे हंबोल्ट या जर्मन प्रवाशाचे प्रवासवर्णन. त्यातील टेनेरीफ बेटाचे वर्णन चार्ल्सने वहीत उतरवून घेतले आणि सहलीला गेल्यावर तो ते मित्रांना मोठ्याने वाचून दाखवू लागला. एकदा तरी हे बेट पाहायचेच, असे त्याने ठरवले. त्यासाठी तो स्पॅनिश भाषाही शिकू लागला.

ऑगस्ट १८३१ मध्ये चार्ल्स एका सहलीहून घरी परतला, तेव्हा एक पत्र त्याची वाट पाहत होते. पत्र हेन्स्लो सरांचे होते. दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याची मोजणी करण्यासाठी 'बीगल' जहाज निघणार आहे. कप्तान फिट्झरॉय यांना निसर्गाची आवड असलेला एक सोबती हवा आहे. जातोस का?

चार्ल्स आनंदून गेला. पण वडील म्हणाले, "नाही." हा उनाडपणा आहे, पुढे पाद्री होणाऱ्याला हे शोभत नाही, असे त्यांना वाटले. शेवटी ते एवढे म्हणाले की, एखाद्या शहाण्या माणसाने जायचा सल्ला दिला तर मी परवानगी देईन. चार्ल्सने निमूटपणे नकाराचे पत्र लिहून टाकले आणि दुसऱ्या दिवशी तो मामाच्या गावी गेला.

मामा म्हणाले, "अरे, ही संधी सोडू नकोस!" त्यांनी चार्ल्सला वडिलांचे सगळे आक्षेप कागदावर लिहायला सांगितले. ते आठ निघाले. मामांनी एकेका आक्षेपाला उत्तर देणारे पत्र लिहिले आणि ते चार्ल्सच्या वडिलांकडे पाठवले. मग भाच्याला घेऊन ते स्वतःही श्रूजबरीला गेले. वडिलांच्या दृष्टीने मामा हे शहाणे गृहस्थ होतेच. त्यांनी परवानगी दिली. मामांनी त्या दिवशी कंटाळा केला असता तर? तर चार्ल्स कदाचित कुठल्याशा खेड्यात पाद्री झाला असता आणि सुट्टीत भुंगेरे जमवत बसला असता.

२७ डिसेंबर १८३१ रोजी जहाज निघाले. चार्ल्सला बोट लागे. समुद्र खवळला की तो आडवा पडून वाचत राही. ज्या लहान खोलीत तो झोपे, तिथेच जहाजाचे ग्रंथालय होते. त्यात सुमारे चारशे पुस्तके होती. जानेवारीत समोर टेनेरीफ बेट दिसू लागले. आता पाय जमिनीला लागणार, एवढ्यात बेटावरचे अधिकारी आले. इंग्लंडमध्ये कॉलरा आहे, म्हणून बारा दिवस कोणीही उतरायचे नाही, असे त्यांनी सांगितले. कप्तानांना थांबायला वेळ नव्हता. जहाज पुढे निघाले. ज्या बेटासाठी इतकी वर्षे मन झुरले, ते त्याने नुसते दुरून पाहिले.

कप्तानांनी त्याला लायल या भूगर्भशास्त्रज्ञाचे पुस्तक भेट दिले होते. डोंगर, दऱ्या, किनारे एका दिवसात झालेले नाहीत, ते लाखो वर्षे हळूहळू बदलत आले आहेत, असे लायल यांनी लिहिले होते. हेन्स्लो सरांनी आधीच बजावले होते की, पुस्तक वाच, पण त्यातल्या मतांवर विश्वास ठेवू नकोस. चार्ल्सने पुस्तक वाचले आणि जिथे जाईल तिथे जमीन तपासून पाहिली. १८३५ साली चिली देशात मोठा भूकंप झाला. त्यानंतर किनाऱ्याची जमीन काही फूट वर उचलली गेलेली त्याने प्रत्यक्ष पाहिली. लायल यांचे म्हणणे त्याला पटले.

त्याच वर्षी तो गालापागोस बेटांवर गेला. तिथले एक अधिकारी त्याला म्हणाले, "कासव पाहून ते कोणत्या बेटावरचे आहे हे मी सांगू शकतो." बेटे तर शेजारशेजारची. मग प्रत्येक बेटावरचे कासव वेगळे का? मॉकिंगबर्ड नावाचे पक्षीही बेटाबेटावर थोडे वेगळे होते. चार्ल्स येथे एक चूक करून बसला. फिंच नावाचे छोटे पक्षी त्याने गोळा केले, पण बहुतेकांवर बेटाचे नाव लिहिलेच नाही! पुढे त्याला जहाजावरच्या इतरांचे नमुने पाहून ती नावे जुळवावी लागली. विज्ञान प्रकल्पाच्या वहीत तारीख आणि जागा लिहा, असे तुमचे शिक्षक का सांगतात ते आता लक्षात आले असेल.

आता पुन्हा आपल्या मॉरिशसला येऊ. चार्ल्स इथे दहा-अकरा दिवस राहिला. पोर्ट लुईच्या रस्त्यांवरून फिरताना त्याला पुस्तकांची मोठी दुकाने दिसली. कपाटे पुस्तकांनी भरलेली होती. एवढ्या दूरच्या बेटावर इतकी पुस्तके पाहून त्याला आश्चर्य वाटले. २ मे रोजी तो ल पूस डोंगर चढला. तुमच्यापैकी काही जण शाळेच्या सहलीत तिथे गेले असतील. मग मोजणी खात्याचे प्रमुख कॅप्टन लॉइड यांनी त्याला प्लेन विल्हेम्सच्या बाजूला आपल्या घरी नेले. ५ मे रोजी सगळे रिव्हिएर न्वारकडे निघाले. वाटेत उसाची शेते होती आणि शेतांत लाव्हाचे मोठमोठे काळे दगड होते. लॉइड यांच्याकडे एक हत्ती होता. त्या वेळी बेटावर तो एकच हत्ती! चार्ल्स त्याच्या पाठीवर बसून काही अंतर गेला. त्याला सर्वांत नवल कशाचे वाटले असेल? एवढा अवजड प्राणी, पण चालताना त्याच्या पावलांचा आवाजच होत नव्हता.

त्या काळी हिंदुस्थानातून जन्मठेपेची शिक्षा होऊन आलेले सुमारे आठशे लोक मॉरिशसमध्ये रस्ते बांधण्यासारखी कामे करत. ते मुंबई आणि बंगाल इलाख्यांतून आणलेले होते. उसाच्या मळ्यांत काम करण्यासाठी मजूर येऊ लागले होते, त्यालाही नुकतेच दीड वर्ष झाले होते. पांढऱ्याशुभ्र दाढीमिशांचे ते कैदी पाहून चार्ल्स थबकला. हिंदुस्थानचे लोक दिसायला इतके भारदस्त असतात याची आपल्याला कल्पना नव्हती, असे त्याने आपल्या वहीत लिहिले.

रिव्हिएर न्वारला तो गेला होता पोवळ्यांचे खडक पाहायला. पोवळे म्हणजे प्रवाळ. आपल्या किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर लाटा फुटून पांढरी रेघ दिसते ना? तिथे प्रवाळाचा बांध आहे. बारीक बारीक जीव आपल्या अंगाभोवती चुनखडीचे घर करतात. अशा कोट्यवधी घरांचा तो बांध बनतो. हे जीव उथळ पाण्यातच वाढतात. मग खोल समुद्राच्या मधोमध प्रवाळाची बेटे कशी तयार झाली? चार्ल्सने विचार केला: समुद्रातला ज्वालामुखी डोंगर हळूहळू खाली खचत असेल, आणि तो जसजसा खचतो तसतसे प्रवाळ वरवर वाढत जात असतील. १८४२ साली त्याने यावर पुस्तक लिहिले. १९५२ साली पॅसिफिक महासागरातील अशा एका बेटावर खोल भोक पाडून पाहिले, तेव्हा हजार मीटरहून अधिक जाडीच्या प्रवाळाखाली खरोखरच ज्वालामुखीचा खडक लागला.

९ मे रोजी 'बीगल' पोर्ट लुईहून निघाले आणि ऑक्टोबर १८३६ मध्ये इंग्लंडला पोहोचले. पुढे डार्विन यांनी मामांच्या मुलीशी, एमाशी, लग्न केले. १८४२ मध्ये ती दोघे लंडनजवळच्या डाउन या खेड्यात राहायला गेली. डार्विन यांची प्रकृती वरचेवर बिघडू लागली. ते पुन्हा कधीही लांबच्या प्रवासाला गेले नाहीत.

मग जगभरची माहिती त्यांना कशी मिळे? टपालाने! १८४० पासून इंग्लंडमध्ये एका पेनीत कुठेही पत्र जाऊ लागले होते. डार्विन यांनी या सोयीचा पुरेपूर उपयोग केला. त्यांनी लिहिलेली आणि त्यांना आलेली मिळून सुमारे पंधरा हजार पत्रे आज माहीत आहेत. कोणाकोणाला लिहीत ते? मोठमोठ्या शास्त्रज्ञांना तर लिहीतच, शिवाय माळी, गुरे पाळणारे, कबुतरे पाळणारे यांनाही प्रश्न विचारत. तुमच्या कबुतराच्या पिलांची चोच कशी असते? घोड्यांच्या पायांवर कधी पट्टे दिसतात का? कलकत्त्याच्या वस्तुसंग्रहालयातील ब्लाइथ हे गृहस्थ त्यांना हिंदुस्थानातील प्राण्यांविषयी लांबच लांब पत्रे लिहीत. ज्याला त्यातले कळते त्याला विचारायचे, मग तो कोणीही असो, अशी त्यांची रीत होती. आलेल्या पत्राला उत्तर दिले नाही तर त्यांना चैन पडत नसे. वेडगळ पत्रांनाही उत्तर जाई.

वाचनाची त्यांची तऱ्हा और होती. काय वाचायचे आणि काय वाचून झाले, याच्या याद्या ते वहीत ठेवत. पुस्तकात महत्त्वाचे काही आढळले की खूण करत आणि शेवटच्या पानावर त्या खुणांची यादी लिहीत. जाडजूड पुस्तक हातात धरायला जड वाटले तर ते मधून कापून त्याचे दोन भाग करत! (हे मात्र तुम्ही करू नका, निदान शाळेच्या पुस्तकाचे तरी नको.) दुपारी एमाबाई त्यांना कादंबऱ्या वाचून दाखवत. शेवट गोड नसलेली कादंबरी त्यांना मुळीच आवडत नसे.

आता एक प्रश्न. मॉरिशस बेट समुद्रातल्या ज्वालामुखीतून वर आले. सुरुवातीला इथे नुसता तापलेला खडक होता. मग झाडे कुठून आली? ऊस माणसांनी आणला. पण माणूस येण्यापूर्वीही इथे दाट जंगल होते. त्याचे बी कोणी पेरले?

डार्विन यांनाही सर्व बेटांविषयी हा प्रश्न पडला होता. बी खाऱ्या पाण्यात मरते, असे तेव्हा बरेच जण समजत. पण प्रयोग कोणी केला होता? १८५५ मध्ये डार्विन यांनी बाटल्यांत खारे पाणी भरले आणि त्यात हळीव, मुळा, कोबी, गाजर, कांदा यांचे बी टाकले. पाण्याला अशी दुर्गंधी सुटली की ते सारखे बदलावे लागे. त्यांचे मित्र हूकर यांना वाटत होते की बी रुजणार नाही. घरातली मुले रोज विचारत, "बाबा, तुम्ही हूकरसाहेबांना हरवणार ना?" आठवड्याने बी पेरले आणि ते उगवले! पुढे ८७ प्रकारच्या बिया त्यांनी अठ्ठावीस दिवस खाऱ्या पाण्यात ठेवल्या. त्यांतल्या ६४ प्रकारच्या रुजल्या.

मग एक घोटाळा लक्षात आला. बहुतेक बी पाण्यात बुडते! तरंगलेच नाही तर दूरच्या बेटावर पोहोचणार कसे? या कृतघ्न बियांसाठी एवढा खटाटोप फुकट केला, अशी गमतीची तक्रार त्यांनी पत्रात केली. पण प्रयोग सोडला नाही. ओल्या बियांऐवजी वाळलेली फळे आणि फांद्या टाकून पाहिल्या. वाळलेली हेझलनट नावाची फळे नव्वद दिवस तरंगली आणि नंतर रुजली. पक्ष्यांच्या पायांना चिखल चिकटतो, त्यातही बी असेल काय? त्यांनी तळ्याकाठचा तीन चमचे चिखल आणून खोलीत झाकून ठेवला. सहा महिन्यांत त्यातून ५३७ रोपे उगवली. तीन चमचे चिखलातून!

या साऱ्यामागे एक मोठा विचार होता. १८३८ साली त्यांनी माल्थस यांचे पुस्तक वाचले होते. माणसांची संख्या अन्नापेक्षा वेगाने वाढू पाहते, असे त्यात होते. डार्विन यांना वाटले, हे सर्वच सजीवांना लागू आहे. मासा हजारो अंडी घालतो, पण जगतात थोडीच पिले. एकाच घरची पिलेही अगदी सारखी नसतात. ज्याच्यातला लहानसा फरक त्या जागी उपयोगी पडतो, ते जगण्याचा संभव अधिक. त्याच्या पिलांतही तो फरक उतरतो. असे हजारो पिढ्या चालले की प्राणी किंवा वनस्पती पार बदलून जाते. शेजारच्या बेटांवर वेगवेगळी कासवे का, याचे हे उत्तर होते.

हा विचार जगाला सांगण्याची त्यांना घाई नव्हती. लोक रागावतील हे ठाऊक होते आणि पुरावा भक्कम हवा होता. वीस वर्षे ते पत्रे लिहीत, प्रयोग करत, टिपणे वाढवत राहिले.

जून १८५८ मध्ये टपालाने एक जाड पाकीट आले. ते दूरच्या टर्नाटी बेटावरून आल्फ्रेड वॉलेस या तरुणाने पाठवले होते. वॉलेस गरीब घरचा. चौदाव्या वर्षीच त्याची शाळा सुटली होती. हंबोल्टची आणि स्वतः डार्विन यांची प्रवासवर्णने वाचून त्याला परदेशी जाऊन निसर्ग पाहण्याची ओढ लागली होती. त्यानेही माल्थस यांचे पुस्तक वाचले होते. डार्विन यांनी पाकीट उघडले आणि ते सुन्न झाले. त्यांनी वीस वर्षे जपलेला विचारच त्या कागदांवर लिहिलेला होता!

आता काय करावे? पाकीट दडवले असते तर कोणाला कळले असते? पण आपण क्षुद्रपणे वागलो असे कोणी म्हणण्यापेक्षा आपले सगळे पुस्तक जाळून टाकलेले बरे, असे त्यांनी मित्राला कळवले. त्याच दिवसांत घरात आजारपण होते. दीड वर्षाचे धाकटे बाळ २८ जून रोजी तापाने गेले. दुःखात बुडालेल्या डार्विन यांनी निर्णय लायल आणि हूकर या मित्रांवर सोपवला. १ जुलै १८५८ रोजी लंडनच्या एका शास्त्रीय मंडळात दोघांचेही लेखन वाचले गेले. तेव्हा वॉलेस हजारो मैल दूर होता. त्याला आधी विचारायला हवे होते, असे मला वाटते, पण पत्र जाऊन उत्तर यायला कित्येक महिने लागले असते. बातमी कळली तेव्हा वॉलेसला आनंदच झाला. पुढे १८८९ साली त्याने या विषयावर ग्रंथ लिहिला, त्याला नाव दिले 'डार्विनिझम'. डार्विन यांचे पुस्तक २४ नोव्हेंबर १८५९ रोजी निघाले. त्यावरून मोठे वादळ उठले. डार्विन भांडायला गेले नाहीत. ते घरी बसून पत्रांना उत्तरे देत राहिले.

१९ एप्रिल १८८२ रोजी ते वारले. त्यांच्या शवपेटीला हात लावून चालणाऱ्यांत वॉलेस होते आणि हूकरही होते. पुढे विद्वानांनी त्यांची पत्रे शोधून, वाचून, क्रमाने छापायला घेतली. पहिला खंड १९८५ साली निघाला. अक्षर लावणे सोपे नव्हते. होता होता तीस खंड झाले. त्या पहिल्याच खंडात कॅरोलाइनताईला पाठवलेले मॉरिशसचे पत्र आहे. त्याच्या माथ्यावर आपल्या राजधानीचे नाव डार्विनने इंग्रजी वळणाने लिहिले आहे, 'पोर्ट लुइस'.